बांधकामावरचा लायडार पारखून घेताना

व्हेलोडाइनच्या व्हीएलपी-१६ या लायडारच्या (म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या) माहितीपत्रकात तीन आकडे ठळक असत: पल्ला १०० मीटर, अचूकता अधिक-उणे ३ सेंटीमीटर, सेकंदाला सुमारे ३ लाख बिंदू. आता त्याच्या शेजारी काँक्रीटकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ उघडून ठेवा. कॉलम किंवा बीमच्या छेदाचं माप ठरल्यापेक्षा १२ मिलिमीटर जास्त किंवा ६ मिलिमीटर कमी भरलं तर चालतं, त्यापलीकडे नाही. जे उपकरण स्वतःच ३० मिलिमीटर इकडेतिकडे होतं, त्याने ६ मिलिमीटरची चूक पकडावी ही अपेक्षाच चुकीची. पण पोकलेनच्या पुढ्यात मातीचा ढीग किती उरला, डंपर कुठे उभा आहे, त्याचा हौदा किती भरला, हे सांगायला तोच सेन्सर पुरून उरतो. त्यामुळे ‘हा सेन्सर चांगला आहे का?’ असं कुणी विचारलं की आधी विचारावं लागतं, कशासाठी?

हा प्रश्न आता मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. २०२० पासून महागड्या आयफोनमध्येही लायडार आला. स्कॅनर भाड्याने मिळतात, ड्रोनवर बसतात, आणि सळई बांधणारं, गिलावा मारणारं, भिंतीला भोकं पाडणारं यंत्र बनवू पाहणारी तरुण मंडळी पुण्या-मुंबईतही भेटतात. खरेदीचा निर्णय मात्र अजूनही बहुतेकदा एका चकचकीत प्रात्यक्षिकावर होतो. एसी लावलेली कॉन्फरन्स रूम, पांढऱ्या भिंती, सेन्सर टेबलावर स्थिर आणि पडद्यावर रंगीबेरंगी बिंदूंचं सुंदर चित्र. तुमच्या साइटवर यातलं काहीही नसतं.

कामाचं माप आधी कागदावर

सेन्सर बघायला जाण्याआधी एका कागदावर कामाची सूट, म्हणजे टॉलरन्स, लिहा. स्लॅबची सळई तपासायची आहे? आयएस ४५६ प्रमाणे परिणामी खोली २०० मिलिमीटरपर्यंत असेल तर सळईची जागा १० मिलिमीटरपर्यंत हललेली चालते, त्याहून खोल छेदात १५. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, नाममात्र मापापेक्षा १० मिलिमीटर जास्त चालेल, कमी अजिबात नाही. मापनशास्त्रातला जुना दंडक असा की उपकरणाची अनिश्चितता कामाच्या सुटीच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी, जमल्यास एक दशांश असावी. म्हणजे सळईच्या १० मिलिमीटरसाठी तुम्हाला अडीच मिलिमीटरचा सेन्सर हवा. मोटारगाडीसाठी बनवलेले लायडार इथेच बाद होतात, त्यांची किंमत कितीही मोहात पाडणारी असो. इथे तिपाईवरचा लेझर स्कॅनर किंवा जवळून बघणारा कॅमेऱ्याच्या जातीचा सेन्सर लागतो.

मातीकामाला पाच-दहा सेंटीमीटर इकडेतिकडे झाले तरी रडायचं कारण नाही. तिथे पल्ला, धुळीतून दिसणं आणि यंत्राच्या हादऱ्यात टिकणं महत्त्वाचं.

तिसरं काम माणसं आणि अडथळे ओळखण्याचं. इथे मिलिमीटर विसरा आणि दोन बिंदूंमधलं अंतर बघा. व्हीएलपी-१६ मध्ये १६ किरण, दोन लगतच्या किरणांत २ अंशांचा कोन. २० मीटरवर हे दोन किरण एकमेकांपासून जवळपास ७० सेंटीमीटर लांब गेलेले असतात. उभ्या माणसावर दोन-तीन रेघा पडतील. वाकून बायंडिंग वायर पिळणाऱ्यावर एखादी पडेल, कदाचित एकही नाही. सेकंदाला ३ लाख बिंदू हा आकडा इथे फसवतो, कारण ते सगळे त्याच १६ रेघांवर दाटीवाटीने बसलेले असतात.

आणखी एक गोष्ट याच कागदावर ठळक लिहा. माणूस जवळ आला की यंत्र थांबलंच पाहिजे, ही जबाबदारी साध्या लायडारवर टाकू नका. त्यासाठी आयईसी ६१४९६ या मानकाच्या कसोटीला उतरलेले सुरक्षा-स्कॅनर वेगळे मिळतात. त्यातले बरेच कारखान्याच्या छपराखालच्या वापरासाठी असतात, म्हणून उघड्यावर चालतील का हे लेखी घ्या.

कुठल्या जातीचा सेन्सर कुठे अडतो

सेन्सर आतून कसा चालतो हे थोडं माहीत असलं की निम्मे प्रश्न विक्रेत्याला विचारावे लागत नाहीत.

बहुतेक लायडार प्रकाशाचा झटका सोडतात आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. प्रकाश इतका वेगवान की एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतरात १५ सेंटीमीटरचा फरक पडतो. एक मिलिमीटर पकडायचा तर घड्याळाने साडेसहा-सात पिकोसेकंद ओळखायला हवेत. म्हणून मिलिमीटरवाला स्कॅनर महाग असतो.

काही कॅमेरे झटक्याऐवजी सतत लुकलुकणारा प्रकाश सोडतात आणि परतलेल्या प्रकाशाची कला (फेज) किती सरकली ते बघतात. लुकलुकण्याची वारंवारता २० मेगाहर्ट्झ असेल तर त्यांचं मोजमाप ७.५ मीटरला पुन्हा शून्यावर येतं. मग ९ मीटरवरची भिंत दीड मीटरवर दिसते. नवे कॅमेरे दोन-तीन वारंवारता मिसळून हा गोंधळ टाळतात, पण टाळतात की नाही हे तपासायचं काम तुमचं. साडेसात मीटरच्या पुढे एक पांढरा बोर्ड धरून दोन मिनिटांत कळतं.

दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा स्वस्त, घन रंगीत चित्र देणारा आणि उन्हात बऱ्यापैकी टिकणारा. त्याचा दोष असा की चूक अंतराच्या वर्गाने वाढते. भिंगांमधलं अंतर १२ सेंटीमीटर, नाभीय अंतर १००० पिक्सेल आणि जुळणीची चूक पाव पिक्सेल धरली तर २ मीटरवर ८ मिलिमीटरची चूक होते, १० मीटरवर २१ सेंटीमीटरची. अंतर पाचपट, चूक पंचवीसपट. शिवाय नुकत्याच पुट्टी मारलेल्या कोऱ्या भिंतीवर त्याला पकडायला खूणच सापडत नाही. गिलाव्याचं यंत्र बनवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण त्यांचं सगळं काम कोऱ्या भिंतीवरच चालतं.

नक्षी टाकून मोजणारे सेन्सर, म्हणजे २०१० च्या पहिल्या किनेक्टच्या घराण्यातले, सावलीत उत्तम आणि उन्हात आंधळे.

माहितीपत्रकातल्या तळटीपा

‘अधिक-उणे २ मिलिमीटर’ असं लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न: हे एक सिग्मा की दोन? एक सिग्मा असेल तर दर तीन वाचनांतलं जवळपास एक वाचन २ मिलिमीटरच्या बाहेर असणार, आणि त्यात कंपनीने काही खोटं सांगितलेलं नाही. दुसरा प्रश्न: हे एका झटक्याचं वाचन की शंभर वाचनांची सरासरी? तुमचं यंत्र फिरत असेल तर सरासरी काढायला त्याला सवड नसते.

तिसरा प्रश्न परावर्तनाचा. पल्ल्याच्या आकड्याजवळ बारीक अक्षरात ८० किंवा ९० टक्के परावर्तन असं लिहिलेलं सापडेल. मोठ्या, खडबडीत पृष्ठभागावरून परत येणारा प्रकाश परावर्तनाच्या प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे ९० टक्क्यांऐवजी १० टक्के परावर्तनाचा पृष्ठभाग समोर आला की पल्ला सुमारे एक तृतीयांशावर येतो. शंभर मीटरचे तेहेतीस. डांबर, वॉटरप्रूफिंगचा काळा थर, डंपरचे टायर, पावसात भिजलेला काळा पाषाण, ओली काळी माती हे सगळे या दहा टक्क्यांच्या आसपासचे किंवा त्याहून वाईट. सह्याद्रीच्या बोगद्यात किंवा खाणीत चालायचं यंत्र असेल तर पांढऱ्या भिंतीवरचा पल्ला तुमच्या काय उपयोगाचा?

चौथा: स्थिरपणा आणि अचूकता यांची गल्लत. एकाच भिंतीचं अंतर सेन्सर शंभरदा मोजतो, शंभरही वाचनं एक मिलिमीटरच्या आत येतात आणि विक्रेता खूश होतो. पण सगळीच वाचनं भिंतीपासून दोन सेंटीमीटर अलीकडे असू शकतात. पहिला आकडा सेन्सरकडून मिळतो. दुसरा कळायला बाहेरचं खात्रीचं माप लागतं. त्याशिवाय कुठल्याही चाचणीला अर्थ नाही.

यातूनच अमेरिकेत या विषयाचं शास्त्र उभं राहिलं. मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे निस्टमध्ये, बांधकाम यंत्रणेसाठी लेझर सेन्सर तपासताना अडचण हीच आली की प्रत्येक उत्पादक स्वतःच्या पद्धतीने आकडे छापतो आणि दोन आकड्यांची तुलना होत नाही. संस्थेने २००३ मध्ये यावर कार्यशाळा घेतली, आणि २००६ मध्ये एएसटीएम या मानक-संस्थेची ई५७ ही समिती त्रिमितीय मापन-यंत्रणांसाठी स्थापन झाली. तिच्या ई२९३८ या मानकात पल्ल्याची चाचणी कशी घ्यायची ते आहे, ई३१२५ मध्ये दोन बिंदूंमधल्या अंतराची. आयएसओ १७१२३ चा नववा भाग तर साइटवरच तिपाईचा स्कॅनर तपासण्यासाठी लिहिलेला आहे. विक्रेत्याला एवढंच विचारा की तुमचा आकडा यातल्या कुठल्या मानकाने काढला. उत्तर अडखळलं तरी घाबरू नका, पण वहीत लिहून ठेवा.

चाचणी साइटवरच, आणि आपल्या हाताने

सामान फारसं लागत नाही. एक टोटल स्टेशन, म्हणजे सर्व्हेचं कोन आणि अंतर मोजणारं उपकरण, जे बहुतेक साइटवर असतंच आणि नसेल तर सर्व्हेअरकडून दिवसभरासाठी मिळतं. प्लायचे तीन सपाट तुकडे, साधारण ६० सेंटीमीटर चौरस, मॅट पांढऱ्या, करड्या आणि काळ्या रंगाचे. स्कॅनिंगवाल्यांकडे १४५ मिलिमीटर व्यासाचे पांढरे गोळे असतात, ते दोन मिळाले तर उत्तम.

पहिली चाचणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी. सेन्सर थंड असताना भिंतीसमोर पक्का बसवा, चालू करा आणि तासभर वाचनं नोंदवत राहा. आतलं इलेक्ट्रॉनिक्स तापेपर्यंत अंतर हळूहळू सरकतं. किती मिनिटांनी स्थिरावतं ते आलेखावरून दिसेल. तुमच्या यंत्राने सकाळी आठला चालू होऊन लगेच काम करायचं असेल तर हा आलेख माहितीपत्रकातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचा. पुढच्या सगळ्या चाचण्या सेन्सर तापल्यानंतरच घ्या.

मग तिन्ही बोर्ड २, ५, १०, २०, ४० मीटरवर, म्हणजे तुमच्या कामाला लागणाऱ्या पल्ल्यापर्यंत, एकेक करून उभे करा. प्रत्येक जागी शंभरेक वाचनं घ्या आणि सरासरीची टोटल स्टेशनशी तुलना करा. एक खबरदारी मात्र घ्या: सेन्सरचं शून्य नेमकं त्याच्या कुठल्या बिंदूवर आहे हे बाहेरून नीट ठरवता येत नाही. त्यामुळे सेन्सर ते बोर्ड या अंतरापेक्षा बोर्डाच्या दोन जागांमधलं अंतर जुळतं का ते बघा. ई२९३८ चा गाभा हाच आहे. नंतर बोर्ड तिरका करा, ३० अंश, मग ६०. तिरक्या पृष्ठभागावर किरणाचा ठिपका लांबट होतो, वाचनं पसरतात. बांधकामावर जमीन आणि स्लॅब जवळजवळ नेहमीच तिरपे बघावे लागतात, तेव्हा साठ अंशांचा आकडा हाच तुमचा खरा आकडा.

गोळ्यांनी काम सोपं होतं. गोळ्यावरच्या बिंदूंना संगणकात गोल बसवा. व्यास १४५ येतो की १५१? दोन गोळ्यांच्या केंद्रांमधलं अंतर टोटल स्टेशनशी जुळतं का? या दोन उत्तरांत सेन्सरच्या अंतराच्या आणि कोनाच्या दोन्ही चुका एकदम दिसतात.

आता सळईची चाचणी, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण यंत्रमानव बनवणारे बहुतेक इथेच आपटतात. प्लायवर १२ मिलिमीटरच्या सळयांची छोटी जाळी ठेवा, १५० मिलिमीटर अंतराने, खाली २५ चे कव्हर ब्लॉक. वरून दोन मीटरवर सेन्सर धरा आणि स्कॅन करा. वरून बघताना चित्र ठीक दिसेल. आता संगणकात तेच चित्र बाजूने फिरवा. सळई वर, प्लाय खाली आणि मधल्या मोकळ्या हवेत बिंदूंचा पडदा लोंबताना दिसेल. हवेत काहीही नसताना हे बिंदू येतात कुठून? लेझरचा किरण दिसतो तसा सुईसारखा नसतो. सेन्सरमधून निघतानाच त्याची जाडी असते आणि पुढे तो पसरत जातो. ३ मिलिरेडियन पसरणारा किरण २० मीटरवर ६ सेंटीमीटरने रुंदावतो. त्याचा अर्धा ठिपका सळईवर आणि अर्धा प्लायवर पडला की सेन्सर दोघांच्या मधलंच कुठलं तरी अंतर सांगतो. त्यामुळे सळई जाडजूड दिसते, तिची कड हरवते, आणि कव्हर मोजायला गेलात तर २५ ऐवजी काहीही येतं.

‘आमचा सेन्सर एका किरणाचे दोन-तीन प्रतिध्वनी वेगळे ओळखतो,’ असं इथे हमखास सांगितलं जातं. खरं आहे, पण या कामाला निरुपयोगी आहे. ५ नॅनोसेकंदांचा झटका म्हणजे अंतरात ७५ सेंटीमीटर. झाडाची फांदी आणि तिच्या दोन मीटर खालची जमीन असे दोन प्रतिध्वनी तो वेगळे करील. २५ मिलिमीटरच्या फरकाचे दोन एकमेकांत मिसळूनच येणार. सळईसाठी सेन्सर जवळ न्या, बारीक ठिपक्याचा घ्या, किंवा खोलीच्या मागे न लागता कॅमेऱ्याच्या चित्रातच सळयांच्या फुल्या ओळखा. पिट्सबर्गच्या अ‍ॅडव्हान्स्ड कन्स्ट्रक्शन रोबॉटिक्सचा टायबॉट पुलाच्या डेकवर गॅन्ट्रीवरून सरकत फुल्या शोधून बांधत जातो. तो जाळीच्या अगदी जवळून बघतो, यात सगळं आलं.

ऊन, पाणी, धूळ

हेच सगळं सकाळी, भर दुपारी आणि दिवे लावून रात्री पुन्हा करा. दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं आणि त्यात सेन्सरच्या स्वतःच्या अवरक्त प्रकाशाच्या तरंगलांबीचेही किरण असतात. बरेच उत्पादक ९४० नॅनोमीटर निवडतात, कारण हवेतल्या बाष्पामुळे सूर्यप्रकाशात तिथे थोडी खाच पडलेली असते. तरीही अर्धा बोर्ड उन्हात आणि अर्धा सावलीत ठेवून दोन्हीकडच्या वाचनांचा पसारा किती वेगळा येतो ते बघा. कॅमेऱ्याच्या जातीचे सेन्सर इथे पटकन उघडे पडतात.

मग पाइप आणा आणि बोर्ड भिजवा. काँक्रीट भिजवा. जमिनीवर पाण्याचं डबकं करा. डबक्यावरचा किरण आरशासारखा उडून जातो. एकतर तिथे चित्रात भोक पडतं, नाहीतर समोरची भिंत जमिनीच्या खाली उलटी उगवते. पोकलेनला तो खोल खड्डा वाटला तर काय होईल याचा विचार आत्ताच करा. काच आणि एसीपीची चकचकीत पत्र्याची भिंत हेच खेळ करते. जूनमध्ये साइटवर जी परिस्थिती असते ती मार्चमध्ये पाइपने करून बघायला काहीच खर्च नाही.

आयपी६७ लिहिलेलं बघून निर्धास्त होणारे पुष्कळ. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि अर्धा तास एक मीटर पाण्यात बुडाला तरी पाणी शिरत नाही, एवढाच. काचेवर चिखल उडाला तर सेन्सरला दिसेल, असं कुठलंही मानक म्हणत नाही. काचेवर चिखलाचे शिंतोडे मुद्दाम उडवा आणि बघा: सेन्सर ‘माझी काच मळली आहे’ असं सांगतो, की तेवढा भाग गुपचूप रिकामा दाखवतो? दुसऱ्या प्रकारचा सेन्सर धोकादायक, कारण यंत्राला रिकामी जागा म्हणजे मोकळा रस्ता वाटतो. पुसायची सोय कोण, कधी, कशाने करणार हेही ठरवा. कोरड्या फडक्याने सिमेंटची धूळ घासली की काचेवर ओरखडे आलेच.

धुळीसाठी कोरडी माती फावड्याने उडवून बघा, मास्क लावून. इथे मात्र शेवटचा प्रतिध्वनी निवडण्याची सोय खरंच कामाला येते, कारण धुळीचा ढग आणि मागची माती यांत मीटरभराचं अंतर असतं. कोकणात जांभ्याची लाल धूळ आणि घाटावर काळ्या दगडाची भुकटी, दोन्ही सेन्सरशी वेगवेगळ्या वागतात. आपल्या साइटची धूळ वापरा.

उष्णतेबद्दल एवढंच: माहितीपत्रकातलं कमाल तापमान हवेचं असतं की सेन्सरच्या कवचाचं, ते विचारा. मे महिन्यात विदर्भात यंत्राच्या पत्र्यावर बसवलेलं कवच हवेपेक्षा बरंच जास्त तापतं.

यंत्रावर चढल्यावर

तिपाईवर पास झालेला सेन्सर यंत्रावर नापास होऊ शकतो. पोकलेन मिनिटाला १० फेऱ्यांच्या वेगाने वळत असेल तर सेकंदाला ६० अंश. सेकंदाला १० चित्रं देणारा लायडार एक चित्र पूर्ण करेपर्यंत यंत्र ६ अंश फिरलेलं असतं. मध्यापासून ८ मीटरवरची बकेट त्या वेगाला सेकंदाला ८ मीटरहून जास्त धावते. सेन्सरचं घड्याळ आणि यंत्राच्या कोनमापकाचं घड्याळ यांत ५० मिलिसेकंदांचा फरक राहिला, तर बकेट चाळीस सेंटीमीटर भलतीकडेच दिसते. तेव्हा सेन्सरचा वेळ बाहेरच्या घड्याळाशी जुळवता येतो का, पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) किंवा जीपीएसचा ठोका घेतो का, हा प्रश्न अचूकतेच्या प्रश्नाइतकाच मोठा.

कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९० च्या दशकाच्या शेवटी डंपर आपोआप भरणारा एक्स्कॅव्हेटर उभा केला होता. त्यावर त्यांनी दोन लेझर स्कॅनर लावले, दोन बाजूंना. यंत्र वळायच्या आधी एकाने डंपर बघून घ्यायचा आणि दुसऱ्याने खोदायची जागा. एकाच सेन्सरने सगळं बघायचा हट्ट केला असता तर प्रत्येक फेरीत यंत्राला थांबावं लागलं असतं. किती सेन्सर आणि कुठे बसवायचे, हा मूल्यमापनाचाच भाग आहे.

बसवताना अर्ध्या अंशाची चूक राहिली तर ८ मीटरवर ७ सेंटीमीटरची चूक होते. शिवाय चुका एकमेकींत मिसळतात: सेन्सरची २ मिलिमीटर, बसवण्याची ३, दोन स्कॅन जुळवण्याची ४ धरली तर वर्गांच्या बेरजेचं मूळ ५.४ येतं. दोनचा सेन्सर एकचा करून घेण्यासाठी दुप्पट पैसे मोजलेत तर ते ५.१ होतं. तेवढे पैसे पक्क्या ब्रॅकेटवर आणि जुळवणीच्या खुणांवर घाला.

चाचणी अशी: यंत्र बंद ठेवून भिंत स्कॅन करा, मग इंजिन नुसतं चालू ठेवून, मग बूम हलवत. तिन्ही वेळी वाचनांचा पसारा किती वाढतो ते नोंदवा. नंतर पोकलेन डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे वळवत उभ्या डंपरची कड स्कॅन करा. दोन फेऱ्यांत कडा वेगवेगळ्या जागी आल्या, तर घड्याळ किंवा बसवणी चुकली आहे. ऑपरेटरला या चाचणीत सोबत घ्या. कुठल्या क्षणी धूळ उठते, कुठे यंत्र डचमळतं, हे त्याला झोपेतही ठाऊक असतं.

खरेदीच्या टेबलावर

कच्चे बिंदू मिळतात की फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून गेलेलं गुळगुळीत चित्र? गुळगुळीत चित्रात लोंबणारे बिंदू पुसलेले असतात, आणि त्यांच्यासोबत बारीक सळईही. माहिती ई५७ या, त्याच समितीच्या नावाच्या, खुल्या फाइल-स्वरूपात बाहेर काढता येते का? कॅलिब्रेशन भारतात होतं की सेन्सर परदेशी पाठवून महिना-दोन महिने यंत्र उभं ठेवायचं? लेझर आयईसी ६०८२५ प्रमाणे पहिल्या वर्गातला, म्हणजे डोळ्यांना निर्धोक, असल्याचा कागद आहे का?

आणि हा सेन्सर पाच वर्षांनी मिळेल का? मायक्रोसॉफ्टने किनेक्ट २०१७ मध्ये बंद केला आणि त्याची उद्योगांसाठीची आवृत्ती अझ्युर किनेक्ट २०२३ मध्ये. त्याच वर्षी व्हेलोडाइन ही कंपनीच आउस्टरमध्ये विलीन झाली. म्हणून यंत्राचं सॉफ्टवेअर एकाच सेन्सरला बांधून ठेवू नका, आणि एक जादा नग पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या.

पास-नापासाचे आकडे चाचणीच्या आधी लिहून त्यावर तुमची आणि विक्रेत्याची सही घ्या. चाचणी झाल्यावर आकडे ठरवायला बसलं की आवडलेला सेन्सर हमखास पास होतो. सेन्सर तीन दिवस तुमच्या साइटवर, तुमच्या यंत्रावर ठेवायला जो विक्रेता तयार होत नाही, त्याला ऑर्डर देऊ नका.